सोनलचा उपास

'आळशी' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं फिरतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणतं, "तो मागच्या बाकावरचा एक नंबरचा आळशी आहे," आणि मी चहाचा कप खाली ठेवून विचारते, "कशावरून?" मग सगळे एकमेकांकडे बघतात. मॅडमचं आज पुन्हा बिनसलं, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. दिसू दे. ज्या घरात हा शब्द रोज भाकरीबरोबर वाढला जायचा त्या घरात मी मोठी झाले. तो माझ्या ताटात कधी पडला नाही. तो पडायचा माझ्या धाकट्या बहिणीच्या, सोनलच्या ताटात, आणि त्या एका शब्दापायी तिचा जीव जायची वेळ आली होती. ते कसं झालं हे मी आजवर चारचौघांत धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की आवाज चढतो आणि ऐकणारा घड्याळ बघतो. म्हणून लिहून काढते आहे. कागद घड्याळ बघत नाही.

आमचं घर तलासरीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून बरंच आत, एका पाड्यावर. घराला लागूनच बाबांची भाताची गिरणी. सकाळी वीज आली की आधी मोटर घरघरायची, मग पट्टा फटाफट वाजायचा, आणि पाठोपाठ भात सडण्याचा तो खरखरीत आवाज दिवसभर घरात भरून राहायचा. आम्ही सगळे जण मोठ्याने बोलायचो ते त्यामुळेच. कोंडा हवेतून उडून सगळीकडे बसायचा, भांड्यांवर, अंथरुणावर, आमच्या केसांत. शाळेत मुली म्हणायच्या, तुमच्या अंगाला नव्या तांदळाचा वास येतो. घरात कारभार मोठ्या आत्याचा. ती बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच नवरा गेला म्हणून परत आली आणि आईबापाविना उरलेल्या धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. बाबा तिच्यासमोर कधी मान वर करून बोलले नाहीत. आई झाईची, समुद्रकाठची. सोनलच्या जन्मानंतर हळूहळू तिला ऐकू येणं कमी झालं. आधी गिरणीच्या आवाजावर खापर फोडलं गेलं, मग सवय झाली. सवय म्हणजे आईशी बोलणंच सगळ्यांनी कमी केलं. "पाणी तापव", "भात घाल", "चल" एवढं ओरडून सांगितलं की झालं. बाकीचं तिच्यापर्यंत पोचवायचा कंटाळा यायचा. आई मात्र बोलली की मोठ्याने बोलायची, तिला स्वतःचा आवाज कळत नसे, आणि आत्या म्हणायची, "हळू, हळू, पाडा गोळा होईल." त्यामुळे तीही बोलायची कमी झाली.

खायला आमच्याकडे कमी नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे लोक म्हणाले की पोरीला खायला मिळत नसेल. गिरणी असलेल्या घरात कणीचा भात कधी संपत नाही. सकाळी नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, त्याबरोबर आई माहेराहून आणायची त्या सुकटीची चटणी, उन्हाळ्यात मडक्यातली गार आंबील, दुपारी उडदाची आमटी, आणि चिकूच्या दिवसांत वाडीवाल्या शेजाऱ्यांकडून डागी चिकूंची टोपली. सोनल हे सगळं आवडीने खायची. हाडापेराने बारीक, वर्गात सगळ्यांत बुटकी, पण बोलायला एकदम फटकळ. सकाळी जेवून उठली की तासभर ती अगदी कुणाचीही पोर असावी अशी असायची, अंगणात उड्या, कोंबड्यांमागे धावणं. मग काहीतरी संपायचं. हातपंपावरून हंडा घेऊन निघायची आणि अर्ध्या वाटेत हंडा खाली ठेवून वडाच्या मुळीवर बसायची. मी जाऊन विचारायची, काय गं झालं? ती म्हणायची, "ताई, मी जागीच हाय. पाय झोपलेत."

आत्याला हे बघवायचं नाही. "नुसती लोळते ही पोर. अंगात काय नाय, नुसता माज. आमच्या वेळी दोन दोन हंडे डोक्यावर घेऊन पोटात पोर घेऊन बाया चालायच्या." पाड्यावरच्या बायका दुजोरा द्यायच्या. शाळेत खेळाचे सर होते, त्यांचं तर ठरलंच होतं की सोनल नाटकं करते. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या की पहिल्या फेरीत ती इतर मुलींबरोबर असे, दुसरीत मागे, तिसरीत खाली बसून ओकत असे. सर म्हणायचे, "सकाळी ठोसून खातेस म्हणून." शिक्षा म्हणून उन्हात उभं करायचे. एकदा ती घरी आली ती भिंतीला धरून, आणि डोकं इतकं दुखत होतं की तिने डोळ्यांवर ओलं फडकं बांधून घेतलं. आत्याने विचारलं, "आता काय नवीन?" सोनल फडक्याआडून म्हणाली, "आत्या, तू पळ ना माझ्या बदली. तुला लय हौस हाय." त्याबद्दल तिला चापट बसली. मला आजही त्या चापटीचा आवाज ऐकू येतो आणि आजही माझ्या मुठी वळतात.

मी तेव्हा अकरावीला, सायन्सला, डहाणूच्या कॉलेजात. सकाळची एसटी पकडून जायचे, संध्याकाळी परत. जीवशास्त्राचे सर फळ्यावर न बघता लिहायचे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर. शाळेत आम्ही त्यालाच तंतुकणिका म्हणायचो. आपण खाल्लेल्या अन्नातली साखर पेशीत आधी अर्धवट फुटते, त्यातून जरासं बळ मिळतं; उरलेलं सगळं काम तंतुकणिकांच्या आत होतं, तिथे आपण घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून एटीपी नावाचं तयार बळ निघतं, जे पाय उचलायला लागतं, डोळे उघडे ठेवायला लागतं, विचार करायलाही लागतं. क्रेब चक्र आम्ही चालीवर पाठ केलं. एकाही सरांनी, एकाही पुस्तकाने आम्हाला असं सांगितलं नाही की हे ऊर्जाघर बिघडू शकतं. ते जणू देवाने बांधून दिलेलं, कायम चालू. माझ्याच घरात एक पोर त्या बिघाडाने रोज वडाच्या मुळीवर बसत होती आणि मी एसटीत बसून क्रेब चक्राच्या पायऱ्या घोकत होते. मला राग त्या शिकवण्याचा आहे. आता मी तोच धडा शिकवते तेव्हा पहिलं वाक्य हे सांगते की हे बिघडतं, आणि बिघडलं की माणूस कसा दिसतो. परीक्षेत येत नाही, तरी सांगते.

सोनल नववीत गेली त्या वर्षी तिचं दमणं वाढलं. पंधरा दिवसांतून एकदा डोकं दुखून ओकाऱ्या ठरलेल्या. तलासरीच्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या, भगताने नजर काढली, आणि मग आत्याने नवस बोलला. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. आमच्याकडे वर्षाची सगळी कामं त्या यात्रेच्या अलीकडची आणि पलीकडची अशी मोजतात. आत्याने देवीला सांगितलं की पोरीच्या अंगात कामाचं बळ येऊ दे, तिला आदल्या दिवसापासून निर्जळी उपास घालून, अनवाणी तुझ्या गडावर चढवीन. देवीने कुणाला उपाशी ये असं कधी सांगितलेलं नाही. लोक तिथे खाऊनपिऊन हसतखेळत जातात, पाळण्यात बसतात, कलिंगडं खातात, बांगड्या भरतात. ही अट आत्याने आपल्या मनाने घातली. कष्टावाचून काही मिळत नाही यावर तिचा विश्वास होता, कारण तिला तसंच मिळालं होतं, आणि तेही फारसं नाही.

म्हणजे बघा. ज्या मुलीच्या पेशींत बळ तयार होत नाही तिला बळ यावं म्हणून आम्ही काय केलं, तर तिचं अन्न बंद केलं आणि तिला चैत्राच्या उन्हात डोंगर चढायला लावला. तिला मारायचंच असं ठरवून बसलो असतो तरी याहून पक्का उपाय सुचला नसता. आणि हे सगळं तिच्यावरच्या मायेने. आत्याने स्वतःही पाण्याचा थेंब घेतला नव्हता, स्वतःही अनवाणी होती, तिच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यातून रक्त येत होतं. ती दुष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं. मी तिच्यावर सरळ रागावले असते आणि मोकळी झाले असते.

निघायच्या सकाळी आई आंबिलीचा वाडगा घेऊन सोनलजवळ आली. आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या कानाशी ओरडली, "उपास हाय तिचा! कळत नाय तुला?" आईने आत्याकडे बघितलं, मग सोनलकडे बघितलं, आणि रिकामे हात पदराला पुसले. बाबा बाहेर जीपवाल्याशी बोलत होते. जीप भरली आणि आम्ही निघालो.

पायथ्याच्या देवळात दर्शन झालं तेव्हा सोनल ठीक होती, म्हणजे तिच्या मानाने ठीक. ओठ कोरडे, पण बोलत होती. जिलेबीच्या दुकानापाशी मला म्हणाली, "ताई, परत येताना मला पावशेर. मी एकटी खाणार, तुला वासपण देणार नाय." गडाच्या वाटेला लागलो आणि पहिल्या चढणीलाच ती थांबली. आत्या म्हणाली, चल. थोडं वर गेली, परत थांबली. पुढे मी तिचा एक हात धरला, आत्याने दुसरा. वाटेत बसलेला एक माणूस म्हणाला, "पोरीला पाणी पाजा ओ." आत्या म्हणाली, "नवस हाय." तो गप्प झाला. नवस म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प होतात. अर्ध्या गडावर सोनल ओकायला लागली, पोटात काही नव्हतं म्हणून नुसतं पिवळं पाणी. श्वास असा जोरजोरात घ्यायला लागली जसं काही कुणी मागे लागलंय. मग मला म्हणाली, "ताई, तुझं अर्धं तोंड कुठे गेलं?" मी तिच्या समोर उभी होते. तिला माझी एक बाजू दिसत नव्हती. आणि ती कोसळली, हातपाय झटकायला लागली. आत्या जोरात देवीचं नाव घ्यायला लागली. बाजूच्या लोकांना वाटलं अंगात आलं. कुणीतरी हळद आणली. मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याला ढकललं, हळदीचं ताट उडवलं आणि ओरडले, "झोळी करा! खाली न्या तिला!" लुगड्याच्या झोळीतून चौघांनी तिला खाली आणलं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात साखरेचं सलाइन लावलं, त्याने जीव वाचला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आमच्या आवाक्यातलं नाही, मुंबईला न्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सोनल बरेच दिवस होती. रक्तात आम्ल साठलं होतं, मेंदूच्या मागच्या भागाला मार बसला होता. तिची डाव्या बाजूची नजर परत आली नाही आणि बोलणं लांबलं, एक एक शब्द उचलून ठेवावा तसं. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कागद बघितले, सोनलचे स्नायू तपासले, मग बाबांना विचारलं, काय करता? बाबा म्हणाले, भाताची गिरणी आहे. बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला कळेल. शरीराच्या एकेका पेशीत शेकडो गिरण्या असतात. तुम्ही जेवता ते भात, श्वास घेता ती वीज. तुमच्या मुलीच्या पेशींत काही गिरण्या चांगल्या आहेत, काही बिघडलेल्या. बसून असेल तेव्हा चांगल्यांवर भागतं. धावली की सगळ्या लागतात. मग भात अर्धवट सडलेला तसाच साठतो, आंबतो. तेच आम्ल रक्तात उतरतं, म्हणून ती ओकते."

बाबांना कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते हळूच म्हणाले, "आणि उपाशी ठेवलं तर?"

"उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला घेतं," बाई म्हणाल्या, "आणि चरबीचं सगळंच काम याच गिरण्यांमध्ये होतं. बिघडलेल्या गिरणीवर दुप्पट माल टाकल्यासारखं. हिला उपास कधीही नाही. दर थोड्या वेळाने खायचं. ताप आला तरी लगेच आणायचं. परत असं झालं तर वाचेलच असं मी सांगू शकत नाही." आत्या कोपऱ्यात उभी होती. तिने पदर तोंडात धरला. बाई कागदावर लिहीत पुढे विचारायला लागल्या. मास्कआडून, मान खाली घालून, भराभर. "आईच्या माहेरी असं कुणी होतं? लवकर दमणारं, लहान वयात गेलेलं?" आई पलंगाच्या पलीकडे सोनलचे पाय चोळत बसली होती. तिला प्रश्न ऐकूच गेला नाही. बाबा म्हणाले, "नाय, नाय, कोणी नाय." बाईंनी लिहून घेतलं.

तपासणीचा अहवाल यायला पावसाळा संपला. तो घ्यायला आम्ही सगळे गेलो, कारण आमचंही रक्त आधी घेऊन ठेवलं होतं. या वेळी बाईंना घाई होती, बाहेर रांग लागलेली. त्या उभ्या उभ्या म्हणाल्या की दोष सापडला, तो आईकडून आलेला आहे, आईत आणि थोरल्या मुलीतही आहे, पण कमी प्रमाणात, आणि आईचं ऐकू न येणंही त्यातलंच. बाप ही गोष्ट मुलांना देऊ शकत नाही, फक्त आई देते. कारण माणूस तयार होतो तेव्हा या तंतुकणिका आईच्या अंड्यातून येतात, बापाच्या टिकत नाहीत. यात कुणाची चूक नाही, हेही त्या म्हणाल्या. पण ते शेवटी म्हणाल्या, दाराकडे चालता चालता. माझ्याही अंगात हे आहे, हे मला अशा रीतीने, दारात, बाहेरच्या पेशंटची फाइल त्यांच्या काखेत असताना कळलं. आजही मी संध्याकाळी जिना बघितला की आधी थांबते. दोन स्थळं या अहवालावर परत गेली. गेली तर गेली, त्यांचा मला राग नाही. जिच्यावर राग धरायचा तिच्यावर धरायला मला त्या दिवसांत उसंतच नव्हती, कारण परतीच्या गाडीतच घराचं सगळं गणित उलटं झालं.

सफाळे मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे आमच्याकडचं नाय हे." जणू काय तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाणगाव येईपर्यंत ती म्हणत होती, "झाईचं रक्त." घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. सोनल आता आळशी नव्हती, सोनल बिचारी होती, आणि दोष आईचा होता. पाड्यावरच्या ज्या बायका वर्षानुवर्षं सोनलला नावं ठेवत होत्या त्याच आता गिरणीवर भात घेऊन आल्या की आत्याला हळू आवाजात विचारायच्या, "लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं का तिकडच्यांनी?" हळू आवाजात कशाला, आईला ऐकूच येत नव्हतं. आम्हाला कुणीतरी दोषी लागतोच. त्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. मी आत्यासमोर पुस्तक घेऊन बसले, चित्र दाखवलं, सांगितलं की आईलाही तिच्या आईकडून आलं, तिला तिच्या आईकडून, यात कुणी काही केलेलं नाही. आत्या चित्राकडे बघून म्हणाली, "मग मुळात तिकडचंच ना?" मी पुस्तक भिंतीवर फेकलं. बाबा म्हणाले, "पुस्तकाला पाय लावू नको." मी म्हटलं, पाय नाही लावला, फेकलं. मला तोंड फुटलं ते तेवढ्यापुरतं.

आईला अहवाल मीच कागदावर लिहून दाखवला, तिला वाचता येत होतं. तिने दोनदा वाचला. माझ्या पोटऱ्यांवरून हात फिरवला, मग उठली आणि चुलीत लाकूड सरकवलं. त्या दिवसानंतर ती सोनलला दर दोन तासांनी काहीतरी खायला द्यायची. भाकरीचा तुकडा, चिकू, गूळ घातलेली आंबील, भाजलेली सुकट. सोनल म्हणायची, "आई मला... बैल समजते... पोळ्याचा." हसायची, पण हळूहळू. खेळाच्या सरांनी निरोप पाठवला की तिला आता फेऱ्यांतून सूट. मेहरबानी झाली.

मग पुढचा चैत्र आला. नवस अर्धा राहिला होता, आणि अर्धा नवस म्हणजे आत्याच्या जिवाला घोर. सोनलला नेणार नव्हती, एवढं तिला कळलं होतं. पण यात्रा सुरू झाली त्या सकाळी ती आईपुढे उभी राहिली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्या रक्ताचं हाय. तू फेड. उपाशी चढ, अनवाणी." आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो आत्याच्या बोलण्याने नाही. तो झाला आईमुळे, कारण आई तयार होती. तिने आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. न्हाऊन, धुवट लुगडं नेसून, चपला बाजूला काढून ती बसली होती. मी ओरडले, "तुझ्यातही तेच आहे, कळतं का तुला? मरशील वाटेत!" तिच्यासमोर हात हलवून, तोंड मोठं करून ओरडले. आईने मान हलवली. कळत होतं तिला. बाबा दारात उभे होते, एक पाय आत, एक पाय गिरणीत. त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी बोला!" बाबा आत्याकडे बघत राहिले.

सोनल भिंतीला धरून उठली. तिच्यापुढे आईनेच वाढून ठेवलेलं ताट होतं, कणीचा भात आणि बोंबलाचं कालवण. तिने ते ताट पायाने आईकडे सरकवलं. "तू नाय... तर मी... नाय," ती म्हणाली. मग आईला कळावं म्हणून तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. खाली बसली, भिंतीकडे तोंड करून. आत्या म्हणाली, "ए पोरी, तसं करू नको, तुला चालत नाय." सोनल हलली नाही. मी तिला घास भरवायला गेले तर तिने माझा हात चावला. खरोखर चावला, रक्त आलं. तिची खायची वेळ झाली होती, टळून गेली. तिचे ओठ पांढरे व्हायला लागले.

आईने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली. पहिला घास तिने सोनलच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या. आत्या बघत उभी राहिली, हातात नारळाची पिशवी तशीच. आणि आई बोलायला लागली. घास चावत, मान खाली, नेहमीसारखी मोठ्याने, पाडा गोळा होईल एवढ्या मोठ्याने. "किसन होता. माझ्या पाठचा भाऊ. असाच दमायचा, असाच ओकायचा. बाप म्हणायचा कामचोर हाय. म्हणायचा, जाळं ओढशील तवा जेवशील. चूल बंद केली त्याची. माझी बय चोरून द्यायची, तिलाबी मारलं. उपाशी नेला होडीवर. होडीतच गेला." तिने कालवणात भात कालवला. "सोनू वडाखाली पहिल्यांदी बसली ना हंडा ठेवून, तवाच मला किसन दिसला."

मला काय झालं ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या चापटी, ते उन्हात उभं राहणं, गडावरची ती झोळी, गेलेली अर्धी नजर, सगळं एकदम डोक्यात उसळलं. मी तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. तिच्या अगदी तोंडासमोर तोंड नेऊन, एक एक शब्द सुटा करून विचारलं, "माहीत होतं तुला? तर सांगितलं का नाहीस? डॉक्टरांनी विचारलं होतं, आई! माहेरी कुणी होतं का, विचारलं होतं!"

आईने माझ्या ओठांकडे बघितलं. मग बाबांकडे, मग आत्याकडे.

"मला विचारलं कोणी?" ती म्हणाली.

आईने आणखी एक घास सोनलला भरवला आणि ती जेवत राहिली.